लाल चौकोनातला पलंग

छत कोसळलं सकाळी साडेदहाला. अकराला नाहीबाई दारात हजर.

बांधकाम परवानगी खात्यातल्या या निरीक्षकबाईंना सगळे गवंडी नाहीबाईच म्हणत. आठवड्याला चाळीस अर्ज यायचे, त्यातले तीस त्या परत पाठवायच्या. त्याची त्यांना काडीचीही लाज नव्हती.

मधल्या खोलीत म्हाताऱ्यावरचा ढिगारा नुकताच उपसला होता. चेहरा झाकावाच लागला. चादरीबाहेर राहिला होता तो एक हात, खिडकीच्या दिशेने ताठ. अकरा वर्षं अंथरुणाला खिळलेला माणूस, वाचाही गेलेली. एका हाताने घंटा वाजवायची, एवढंच उरलं होतं. स्वयंपाकघराकडची भिंत गवंड्याने पाडली आणि तिच्यावर टेकलेलं छत याच्या अंगावर आलं.

गवंड्याला बेड्या पडल्या होत्या.

"परवानगी होती का, तेवढं सांगा," फौजदार म्हणाला. "नसेल तर हा गेला दहा वर्षं आत."

"बाई, घरी पाच तोंडं आहेत हो!" गवंडी रडायला लागला.

"रडू नकोस. पाडायला कोणी सांगितलं?"

"भाऊंनी, म्हाताऱ्यांच्या मुलाने. कागद मागितला तर म्हणाले, घरातल्या घरात काम, परवानगी लागत नाही."

"आणि तू मान डोलावलीस! रंग द्यायला, फरशी बदलायला लागत नाही. भिंतीला लागते. वीस वर्षं थापी धरतोस, एवढं कळू नये?"

"चुकलं, बाई."

"म्हातारे आत आहेत, माहीत होतं?"

"खिडकीशी होते ना! काल संध्याकाळपर्यंत पलंग तिथेच होता. मी स्वयंपाकघरातून पाडत होतो, आतलं काय दिसणार? आणि एरवी त्यांची घंटा डोकं उठवायची. आज एकदाही वाजली नाही."

भाऊ बाहेरच्या खोलीत डोकं धरून बसला होता.

"परवानगी लागत नाही, हे कोणी सांगितलं?"

"ताईने. ती तुमच्याच ऑफिसात विचारून आली."

"कागद पाहिलात?"

"ताईने सांगितल्यावर कागद कशाला पाहायचा?"

"पलंग?"

"मी सातलाच कामावर गेलो. तेव्हा खिडकीशीच होता."

ताईभोवती शेजारणी रडत होत्या. अकरा वर्षं बापाचं गूमूत काढलेली मुलगी! ती स्वतः मात्र कोरडी होती.

"पलंग भाऊनेच हलवला," ती म्हणाली. "खिडकीतून धूळ येते म्हणून."

"तुम्ही कुठे होतात?"

"बाजारात. साडेनऊला गेले."

"आमच्या ऑफिसात कधी आला होतात?"

"मी कशाला येऊ? सगळा कारभार त्याचा."

दोघांतलं एक धडधडीत खोटं बोलत होतं. नाहीबाई मधल्या खोलीत गेल्या. खिडकीखाली फरशीवर पलंगाच्या चाकांचे चार जुने डाग होते. वर खिळ्याला घंटा, दोरीसकट, जिथल्या तिथे. पलंग मात्र खोलीच्या मधोमध चेपून पडला होता.

त्या ऑफिसात परतल्या. मंजूर अर्जांच्या वहीत हे घर नव्हतं. नामंजूर अर्जांचा गठ्ठा तिथे सहसा कोणी उघडत नसे. एकदा नाही म्हटलं की विषय संपला, अशीच रीत होती. नाहीबाईंनी त्याची दोरी सोडली. एक कागद हातात आला आणि त्यांनी तो दोनदा वाचला.

दुपारी त्यांनी सगळ्यांना एकत्र बसवलं.

"तीन महिन्यांपूर्वी म्हाताऱ्यांच्या अंगठ्याने याच भिंतीचा अर्ज आला होता. मी नाकारला. कारण लिहिलं, भिंत काढल्यास मधल्या खोलीचं छत खाली येईल. नेमकं कुठे येईल, तो चौकोन लाल शाईने आखून दिला, की काम निघालं तर तिथे कोणी थांबू नये. आज पलंग बरोबर त्या चौकोनात होता."

"मी असला कागद पाहिलाच नाही!" भाऊ ओरडला.

"नाहीच पाहिला. आमच्याकडच्या प्रतीवर कागद परत घेतल्याची सही ताईंची आहे. ज्या ऑफिसात त्या कधी आल्याच नाहीत, तिथली. भाऊला सांगितलं परवानगी लागत नाही; भिंत गवंडी पाडेल, आत जाईल भाऊ. आणि घंटा खिडकीशीच राहिली. अकरा वर्षं तिच्यावर उठणारं माणूस ती विसरेल का हो?"

ताईने पदर नीट केला.

"विसरले नाही. मुद्दाम ठेवली. दिवसातून चाळीसदा वाजायची. हा एकदा तरी उठला का, विचारा त्याला."

भाऊची मान खाली गेली.

"तुमचा नकाशा फार छान होता, बाई," ताई म्हणाली. "फूटपट्टीने मोजून पलंग ठेवला. चुकायला जागाच नाही."

नाहीबाईंनी तो लाल चौकोन पुन्हा पाहिला. चाळिसातलं एक उत्तर, पाच मिनिटांत लिहिलेलं, आणि दुसऱ्याच दिवशी विसरलेलं.

"त्यांचा हात खिडकीकडे होता," त्या कशाबशा म्हणाल्या. "घंटेकडे."

"माहीत आहे," ताई म्हणाली. "मी दारातून पाहत होते."

शेजारणी मागे सरकल्या. फौजदाराने गवंड्याच्या बेड्या काढल्या आणि त्याच तिच्या हातात घातल्या.