रोवण्यातला सर्व्हे

पायाचा चिखल धुण्याआधीच रुखमाची नजर त्या कागदावर गेली, अन् तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ओसरीत बाजेवर बसून नागपूरचा एक संशोधक तिच्या बापाला, देवाजीला, प्रश्न विचारत होता. पवनीकडची माणसं कशी जगतात, किती राबतात, याचा अभ्यास म्हणे. त्यावरून सरकार ठरवणार, पाळणाघर कुठल्या गावाला द्यायचं. आणि रुखमा अन् तिची माय निर्मलाबाई, दोघींच्या नावापुढं यानं लिहिलेलं – ‘काम करत नाही’!

“हे कोनं सांगतलं जी?”

“तुमच्या वडिलांनी.”

“अन् तुमी लिहून मोकळे! पहाटपासून चिखलात वाकून आमी धानाचा रोवणा करून राहिलो, ते काय खेळून राहिलो? बायांची लेकरं बांधावर रडून राहिली! बाया धानात असतात तवा येता, अन् बाजेवरच्या माणसाले विचारता! येवढे शिकले कायले?”

टेकचंद त्याचं नाव. अर्थशास्त्रात पहिला आलेला. पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा! त्यानं वर पाहिलं... गालावर चिखल, डोळ्यांत अंगार... अन् पाहतच राहिला.

“पाहून काय राहिले?”

“तुम्ही रागावता तेव्हा –”

“पुढं बोलाल तं गाळात लोटीन! तुमची माय काय करते?”

“रोवणाच...” तो मूळचा तुमसरकडचा, धानाच्या मुलखातलाच होता. कानापर्यंत लाल झाला, अन् पिशवी उचलून चालता झाला.

पळपुटा मेला! रुखमा आठ दिवस धुसफुसली. तो आठवतो याचाही राग, तो येत नाही याचाही.

नवव्या दिवशी पहाटे तो थेट बांधीत, धानाच्या चिखलात उतरला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, एकेका बाईला विचारत. आधीचे दोनशे कागद त्यानं रद्द केले होते.

“तुमचे सर काय म्हनले?”

“नव्यानं करायचं तर बिनपगारी करा.”

“अन् हासून राहिले? खासाल काय?”

“तेच तर... बिनपगारी माणसानं लग्नाचं कसं विचारावं?”

लावायला घेतलेले धानाचे पऱ्हे रुखमाच्या हातातच राहिले.

“आठ दिवस जीव जाळला माहा, अन् आता विचारता? आवडता तुमी मले! रागानं सांगून राहिली, पन खरं हाय.”

बाया खिदळल्या. टेकचंद धडपडत घराकडं वळला, देवाजीला विचारायला. रुखमानं त्याची बाही धरली.

“पुना बापालेच? माय इथं उभी हाय ना!”

निर्मलाबाईनं कंबर सरळ केली. “विचार बापा,” ती म्हणाली, “मी ऐकून राहिली.”