सत्यभामेची पाठराखीण

माघ सरत आला होता. एका सकाळी सुभद्रा लेकीच्या लग्नातल्या दिव्यांना वाती हव्यात म्हणून परडी घेऊन परसात गेली, तर तिच्या देवकापशाच्या झाडाला दुसऱ्याच बाईचा हात लागलेला. शेजारची माणिकबाई ओटीत बोंडं घेऊन उभी होती, आणि वर हसतही होती.

"तुमचं झाड लय भरलं वो," ती म्हणाली. "म्या म्हटलं, देवाच्या वातीले लागते, त्याच्यात इचारायचं काय."

सुभद्रेनं एवढंच सांगितलं की ह्या झाडाचा कापूस आम्ही बाहेर देत नाही. माणिकबाईनं दाताखाली जीभ चावली, पण ओटी काही रिकामी केली नाही.

ही बाई अमरावतीच्या परकोटाबाहेर राहायला आली ती दिवाळीनंतर. नवरा खुशालराव कापसाच्या दलालीत. दिवसच तसे होते. साता समुद्रापार गोरे आपसांत लढत होते म्हणे, आणि त्यांच्या भांडणापायी आमच्या काळ्या मातीला भाव आला होता. बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या चढल्या, कुडाच्या भिंती पाडून लोकांनी विटा लावल्या, घरोघरी सरकी काढायचे रेचे दिवसभर करकरू लागले. सुभद्रेचं घर ह्या नव्या वस्तीत सगळ्यांत जुनं. एकेकाळी ते रानात एकटंच होतं. नवरा पुंजाराम भला माणूस, आपल्या शेतात रमणारा. एकुलती एक लेक सत्यभामा अकोल्याला दिली होती, लग्न फाल्गुनात. सुभद्रा सुखात होती. खऱ्या सुखात, शेजारणीला दाखवायच्या नव्हे. माणिकबाईला तेच खुपलं. तिचा भाऊ सहदेव बिनलग्नाचा आणि बिनकामाचा, आणि पुंजारामाचं शेत उद्या जाणार होतं ते जावयाच्याच हाती.

माणिकबाई भांडखोर असती तर सोपं होतं. चार शिव्या देऊन मोकळं होता आलं असतं. पण ती गोड होती. बाया जमल्या की सुभद्रेचं कौतुक करायची आणि कौतुकातच एक काटा रोवून ठेवायची. लेक मायवर गेली नाही, बापावरही नाही, पण रूप कसं देखणं, असं म्हणायची. पुंजारामाला तिनं भाऊ मानलं. नवरीबरोबर पहिल्यांदा सासरी पाठराखीण म्हणून जायचं असतं, तो मानही तिनं त्याच्याकडून गोड बोलून मिळवला.

मग एक दिवस ओसरीवर शेवया चालल्या असताना तिनं सगळ्यांदेखत विचारलं की सत्यभामेची नाळ कुठे पुरली आहे. नवरीनं हळदीआधी त्या जागी दिवा लावावा, अशी आपल्याकडची रीत. ह्या प्रश्नाचं उत्तर सुभद्रेनं जुळवून ठेवलंच नव्हतं. इतक्या वर्षांत कधी कुणी विचारलं नव्हतं. तिची नजर रोज जिथं जायची तिथंच गेली, आणि ती बोलून गेली, "देवकापशाखाली."

तिथं नाळ नव्हती. काय होतं ते सांगते.

पटकीच्या साथीचं साल होतं ते. पुंजाराम गाड्या घेऊन लांब मुलखात गेलेला. सुभद्रेला मुलगा झाला आणि तो रडलाच नाही. त्याच दिवशी कुणी अनोळखी बाई तान्ही पोर उराशी धरून दारात आली, पाणी मागितलं, प्याली, आणि उंबऱ्यावरच गेली. घरात दोघीच, सुभद्रा आणि तिची सासू पार्वताबाई. सासू दगडाच्या काळजाची नव्हती, पण हाताची खंबीर होती. तिनं परसात खड्डा खणला, त्या बाईला आत निजवलं आणि सुभद्रेचं मेलेलं बाळ तिच्या कुशीत ठेवलं. जिवंत पोर सुभद्रेच्या पदरात टाकली. पुंजाराम परतला तेव्हा त्याला लेक दाखवली. पुढे सासू गेली, गोष्ट तिच्याबरोबर गेली. त्या जागेवर देवकापूस मात्र उगवला, कुणी न लावता.

ती बाई कोण, कुठली, कोणत्या जातीची, देव जाणे. हे फुटलं तर अकोल्याचे पाहुणे मांडवातून उठून जाणार. पोरीला कुणी दारात उभं करणार नाही. आणि पुंजाराम तोंडावर काही म्हणाला नसता, पण सत्यभामेला हाक मारताना एकदा तरी अडखळला असता. सुभद्रेला तेवढंही सोसणार नव्हतं.

हळदीच्या आदल्या दिवशी घरातली सगळी बाजाराला गेली होती. सुभद्रा आधी परतली. झाडाखालची माती उकरलेली, आणि परसाच्या कुंपणापलीकडे माणिकबाई उभी. तिनं मूठ उघडली. तळहातावर हिरव्या काकणाचा तुकडा होता.

"नाळेले बांगड्या कवापासून घालाले लागले वो, सुभद्राबाई? पोरगी कोणावर गेली, ते समजलं आता."

सुभद्रा खाली वाकून हातानं माती परत लोटू लागली.

"मी सोबत आहो ना, भेता काहून?" माणिकबाई हळूच म्हणाली. "अकोल्याले नाही म्हणून सांगा. पोरगी माह्या सहदेवले द्या, म्हणजे घरचं घरातच राह्यते. नाहीतर उद्या हळद लागायच्या आत, तुमच्या इहिणीसमोर... बोलीनच मी."

ती गेली. दुपार टळटळीत होती. दूरच्या घरांतले रेचेही जेवणासाठी थांबले होते. सुभद्रा झाडाखाली बसली आणि उकरलेल्या मातीवर तिनं हात ठेवला. माती ओली लागली. पावसाळा सरून महिने झाले होते, तरी तिथून पहिल्या नांगरटीसारखा वास येत होता, आणि त्या वासात दुधाचाही वास मिसळलेला होता, ओल्या बाळंतिणीच्या पदराला येतो तसा.

"बाई," ती पुटपुटली, "तुझं लेकरू म्या माझं म्हणून वाढवलं... आता तू पाहा."

वारा नव्हता. झाडावरचं एक मिटलेलं बोंड तिच्यासमोर उलगडलं. मग दुसरं. आणि मागे, कडी लावलेल्या खोलीत, त्यांचा स्वतःचा रेचा करकरू लागला. सावकाश. कुणी एका हातानं फिरवावा तसा... दुसऱ्या हातात काही धरलेलं असावं तसा. सुभद्रा उठली नाही. आवाज आपोआप थांबेपर्यंत ती तिथंच बसून राहिली. संध्याकाळी शेजारच्या घरात माणिकबाईनं देवापुढे निरांजन लावलं. चोरलेल्या कापसाच्याच वाती होत्या त्या.

दुसऱ्या दिवशी मांडव भरला. अकोल्याच्या विहीणबाई पाटावर बसल्या, हळदीचं ताट पुढे आलं. तशी माणिकबाई उठली. पदर सावरून म्हणाली, "एक गोष्ट सांगाची होती..." आणि खोकली. रेच्यांच्या दिवसांत कापसाचा भुसा सगळ्यांच्याच घशात असतो, कुणी लक्ष दिलं नाही. ती पुन्हा बोलायला गेली, पुन्हा खोकली. मग तिनं तोंडात बोटं घालून काहीतरी ओढून काढलं. वात होती ती. नीट वळलेली, लाळेनं ओली, आणि टोकाला जळून काळी झालेली. तिनं ती खाली टाकली, तोंड उघडलं, आणि घशातून दुसरी आली. बाया मागे सरल्या. माणिकबाई वाती ओढत होती, डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि नजर मात्र सत्यभामेच्या मागे कुठेतरी खिळलेली. तिथं तर कुणीच नव्हतं.

ती मांडवातून पळाली. खुशालरावानं त्याच दिवशी गाडी जुंपली आणि दोघं बदनेऱ्याच्या वाटेनं गेली. ती पुन्हा बोलली की नाही, ठाऊक नाही. विहीणबाईंनी दृष्ट काढायला लावली आणि हळद लागली.

लग्न साजरं झालं. ऐनवेळी दुसरी पाठराखीण कुठून आणायची, म्हणून सत्यभामा एकटीच गाडीत बसली. सुभद्रा रडली, पण पोटभर जेवल्यावर वाटतं तसं समाधान होतं त्या रडण्यात. वऱ्हाड गेल्यावर ती परसात दिवा ठेवायला गेली. देवकापशाखालची जमीन खचली होती. आत कुणी नसल्यासारखी, पोकळ.

काही दिवसांनी पुंजारामाचा जुना गाडीवान नत्थुजी अकोल्याहून माघारी आला. पोरगी मजेत आहे, सासू जीव लावते, असं त्यानं पाणी पिता पिता सांगितलं. तुमची पाठराखीण मात्र अजून तिथंच आहे, तिला कधी आणायची, असं अकोल्याचे लोक विचारून राहिले, हेही सांगितलं. बोलत नाही, जेवत नाही, दिवसभर ओसरीवर एका हातानं रेचा फिरवत बसते आणि सत्यभामेवरून नजर काढत नाही.

सुभद्रेनं तांब्या खाली ठेवला. तिनं विचारलं, "एकाच हातानं काहून, नत्थुभाऊ?"

"दुसऱ्या हातात लेकरू आहे ना तिच्या. तान्हं पोरगं. रडत कसं नाही, तेच नवल." नत्थुजी हसला. "अन् खोटं कायले सांगू, बाई... तोंडावळा अगदी तुमचा हाय."