हानेलेचे उरलेले तास

साकूची नोकरी वाचली.

पण ती जशी वाचली, तसं काही घडलंच नाही, असं धरून चाला. तोही तसंच धरून चालतो.

घडलं ते मात्र अक्षर न् अक्षर खरं आहे. हेलसिंकी, गेल्या वर्षीची सतरा जुलै, दुपारचे दोन. लख्ख ऊन.

विद्यापीठाची इमारत रिकामी. अख्खा सौरसंशोधन विभाग जुलैच्या सुट्टीवर, तळ्याकाठच्या लाकडी घरांत, सौनाच्या वाफेत घाम काढत बसलेला.

साकू तेवढा मागे. मे महिन्यात सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातून एक चुंबकीय स्फोट सुटला होता. तो महासंगणकावर पुन्हा घडवायचा, आणि पृथ्वीवर आदळायची वेळ जुळवायची. साकूची वेळ अकरा तासांनी चुकत होती. ऑगस्टपर्यंत जुळली नाही, तर घरी बसायचं. त्यात त्याच्या वाट्याचे संगणकाचे तासही संपले.

त्याने विभागप्रमुख वेइक्कोला फोन लावला.

"हानेलेच्या नावावर चालव," वेइक्को म्हणाला. "तिचे तास पडून आहेत."

"अरे, पण ती वारली ना?"

"ती वारली. तास कुठे वारलेत?"

साकूच्या आधी हेच काम करणारी हानेले त्याच्या आदल्या जुलैत गेली. याच खोलीत, कामावर असताना. सापडली ऑगस्टमध्ये, लोक सुट्टीवरून परतल्यावर. तिने महासंगणकाच्या रांगेत लावलेले स्फोट चालत राहिले, निकालांच्या मेल सगळ्यांना जात राहिल्या... लोकांना वाटलं, बाई जोरात कामाला लागलीय.

वेइक्कोने तर 'शाब्बास' असं उत्तरही धाडलं होतं.

खुर्ची नंतर पुसून साकूला दिली.

साकूने तिच्या नावाने एक स्फोट लावला.

रांगेत दिसले... दोन.

त्याने दुसरा रद्द केला.

पुन्हा दोन.

तेवढ्यात बाहेर कॉफीचं यंत्र गुरगुरलं...

तो धावत गेला. भांडं भरलेलं. वाफाळतं. मजल्यावर चिटपाखरू नाही.

परत आला, तर तो दुसरा स्फोट पुरा झालेला. आदळायची वेळ... मिनिटाला मिनिट बरोबर.

"झकास!" वेइक्को फोनवर खूश. "लेख लिहून टाक. तुझं नाव, माझं नाव."

"आणि हानेलेचं?"

"तिची संमती कोण आणणार? तू जातोस वर?"

साकू वर गेला नाही. त्याने दोनच नावं टाकली.

तिचं खातं बंद करा, असं त्याने नंतर तीनदा कळवलं. तास संपल्याशिवाय खातं बंद होत नाही, असा नियम आहे. आणि तिचे तास... संपतच नाहीत.

या सतरा जुलैला तिच्या नावाने पुन्हा मेल आली. वेइक्कोकडून तिला आपोआप उत्तर गेलं: 'मी रजेवर आहे.'

साकूने मेल उघडली. आत निकाल नव्हता. अर्ज होता...

'महोदय, मी सलग तीन उन्हाळे कामावर हजर आहे. तरी मला जुलै महिन्याची रजा मंजूर करावी, ही नम्र विनंती.'