टोपीखालचं खरबूज

पटो न पटो, ही घडलेली गोष्ट आहे. तोग्झान आमच्याच इमारतीतली, आमच्याच जिन्यावरची पोर. थापा मारणाऱ्यांतली नव्हे.

नोव्हेंबरमधली संध्याकाळ. अल्माटीतलं विद्यापीठ. मेंदूशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला असलेली तोग्झान तळघरातल्या प्रयोगशाळेत एकटीच होती. तिचा धाकटा भाऊ येरसिन इस्पितळात श्वासाच्या यंत्रावर होता. मेंदू संपलाय, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. आज यंत्र काढणार होते.

तिला ते बघवणार नव्हतं. म्हणून ती कामाला आली.

काम साधंच. मेंदूच्या लहरी टिपणारी टोपी तपासायची. माणूस मिळाला नाही की टोपी खरबुजाला घालतात. त्याला कुठला आलाय मेंदू? पडद्यावरची रेघ सपाट राहते.

त्या दिवशी राहिली नाही...

रेघेत लहरी उठल्या. संथ, गोल. जागा माणूस डोळे मिटतो तेव्हा उठतात तशा.

तिने वायरी हलवल्या. टोपी दाबली. लहरी तशाच.

इस्पितळात डोळे मिटून पडलेला भाऊ तिच्या नजरेपुढे आला.

"येरसिन?... डोळे उघड बरं."

लहरी थांबल्या.

"मीट."

पुन्हा आल्या...

तिला रडूच फुटलं. "आहेस ना रे! थांब, राजा. मी नाही काढू देत त्यांना!"

त्या खोलीच्या भिंतींत तारेची जाळी, आत फोन लागत नाही. ती व्हरांड्यात धावली.

"आई, थांबव त्यांना! तो ऐकतोय!"



"काढलं गं... अर्धा तास झाला. हात गार पडलेत बाळाचे."

अर्धा तास? मग आत्ता डोळे कुणी मिटले?

म्हणजे तो आता फक्त त्या खरबुजातच होता...

ती उलट पावली पळाली.

आत वरच्या वर्गातला बोलात दादा उभा. तोंड भरलेलं, हातात सुरी. टोपी वर तशीच, खालून फोड कापलेली. तपासणी झाली की फळ खाऊन टाकायचं, वाया घालवायचं नाही, ही तिथली रीतच.

"कुठे उंडारतेस गं? घे फोड. साखर आहे नुसती!"

तोग्झानने पडद्याकडे पाहिलं.

लहरी मध्येच तुटल्या होत्या. पुढे रेघ दाट, काळीकुट्ट. माणूस कळ सोसताना दात आवळतो, तेव्हा होते तशी.

त्याच्यापुढे सपाट.

हे कसं झालं, मला विचारू नका. मी ऐकलं तेव्हापासून माझाच जीव थाऱ्यावर नाही.

तिची आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "झोपेतच गेला हो माझा येरसिन. काही कळलंसुद्धा नाही त्याला."

तोग्झान शेजारी बसून मान हलवते.