मुकादमाचं घर

दोन्ही हातांत लिलीच्या दोन कुंड्या, खांद्याला झारी आणि दार ढकलायला उरलेलं एक कोपर, अशा अवतारात ती दवाखान्यात शिरत होती. तेवढ्यात आतून एक उंच माणूस लगबगीनं आला आणि दारातच आडवा उभा राहिला.

“ही झाडं आत येणार नाहीत,” तो म्हणाला.

तिला आधी मस्करी वाटली. गेली नऊ वर्षं ती कचेऱ्यांना, दुकानांना, बँकांना भाड्यानं झाडं पुरवत होती. आठवड्यातून एकदा जायचं, पाणी घालायचं, पानं पुसायची, मान टाकलेलं झाड उचलून टवटवीत ठेवायचं. या प्राण्यांच्या दवाखान्यातही मालकीण मोठ्या डॉक्टरबाईंनीच तिला बोलावलं होतं. आजवर तिच्या झाडांना कुणी दारात अडवलं नव्हतं. पण हा माणूस, म्हणजे तिथला नवा डॉक्टर, हसत नव्हता. त्यानं कुंड्या तिच्याकडून काढून घेतल्या आणि रस्त्यापलीकडच्या कठड्यावर नेऊन ठेवल्या. परत येऊन ओल्या कापसानं तिच्या बाहीवरचे पिवळे पराग पुसले. लिलीचं एखादं पान काय, नुसती ही पिवळी भुकटी जरी मांजरानं अंगावरून चाटली, तरी दोन-तीन दिवसांत त्याची मूत्रपिंडं निकामी होतात, असं त्यानं सांगितलं. हे सगळं सांगताना आपण तिचं मनगट धरून ठेवलंय, हे त्याच्या जरा उशिराच लक्षात आलं… आणि तिच्याही.

ती ओशाळली. नऊ वर्षं झाडांत काढली आणि एवढी साधी गोष्ट आपल्याला माहीत नसावी? तिचा उतरलेला चेहरा पाहून डॉक्टरही वरमला. चूक तिची नव्हती, आवाज मात्र त्याचा चढला होता. मग औषधांच्या चिठ्ठीवरच त्यानं तिला मांजरांना न बाधणाऱ्या झाडांची यादी लिहून दिली. अक्षर असं, की घरी जाऊन तिनं चिठ्ठी उलटी धरून पाहिली, सुलटी धरून पाहिली, आणि शेवटी सरळ औषधांच्या दुकानात गेली. दुकानदारानं एका दमात वाचून दाखवलं: अरेका पाम, स्पायडर प्लांट, नेचे. मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहत विचारलं, जेवणाआधी घ्यायचे की जेवणानंतर?

पुढच्या सोमवारी तिनं हे डॉक्टरला सांगितलं, तेव्हा तो इतका हसला की टेबलावरच्या कुत्र्याला सुई टोचायची राहिली.

तर, दवाखान्यात झाडं आली, आणि झाडांवर लक्ष ठेवायला तिथे आधीपासूनच एक जण होता. मुकादम. करड्या रंगाचा, फाटक्या कानाचा, रुबाबदार बोका. कुणीतरी त्याला चार दिवस सांभाळायला म्हणून ठेवून गेलं आणि परत फिरकलंच नाही. तेव्हापासून तो गल्ल्याशेजारी बसून येणाऱ्या-जाणाऱ्यावर नजर ठेवायचा. ती पाणी घालायला आली की कुंडीमागून कुंडी तिच्या मागे हिंडायचा, ओल्या मातीत पंजा घालून पाहायचा, आणि काम पसंत पडलं की पामच्या कुंडीत बसकण मारायचा. चार सोमवारांत त्यानं तिला पार खिशात घातलं. पाचव्या सोमवारी ती म्हणाली, मुकादमाला मी घरी नेते.

तेव्हा डॉक्टरनं खणातून एक छापील फॉर्म काढला. दवाखान्याचा नियमच होता, मांजर द्यायचं तर आधी घर पाहायचं. रकान्यांवर खुणा करायच्या, खाली पास किंवा नापास लिहून सही ठोकायची. घर पाहायला कोण येणार, असं तिनं विचारलं.

“मीच येतो,” डॉक्टर म्हणाला, नको तितक्या घाईनं.

ती तिच्या मावशीबरोबर राहायची. मावशी शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेली, जीभ धारदार, नजर त्याहून. घर दोन खोल्यांचं आणि कुंड्या त्रेसष्ट. डॉक्टरनं एकेक कुंडी मोजली. बावीस झाडं धोक्याची निघाली. त्यातलं सगळ्यात मोठं म्हणजे मावशीचं मनीप्लांट. पंधरा वर्षांपूर्वी बाटलीत खोचलेली ती एक काडी आता खिळ्याखिळ्यावरून बैठकीच्या चारी भिंती फिरून पुन्हा दाराशी आली होती. मावशीनं डॉक्टरला बजावलं, हे झाड मी पोरीसारखं वाढवलंय, याला हात लावायचा नाही. डॉक्टरनं मान डोलावली, चहा घेतला आणि फॉर्मवर नापास लिहिलं. शेवटी मनीप्लांट राहू द्यायचं ठरलं, पण अगदी छतालगत चढवून, उडी पोचणार नाही असं.

मग तिनं कंबर कसली. विषारी झाडं बँकांत आणि कचेऱ्यांत रवाना झाली. मांजर मातीत घाण करू नये म्हणून कुंड्यांत गोटे पसरले, धक्क्यानं पडू नयेत म्हणून हलक्या कुंड्या जड कुंड्यांत बसवल्या. संत्र्याचा वास मांजरांना सोसत नाही म्हणून जिकडे-तिकडे साली पेरल्या, आणि घर आठवडाभर सरबताच्या गाड्यासारखं घमघमलं. खास मुकादमासाठी एका परातीत गहू पेरले, म्हणजे त्याला खायचंच असेल तर हक्काचं गवत असावं. दुसऱ्यांदा डॉक्टर आला तो चांगला दीड तास बसला. तिचे हात मातीनं भरलेले, म्हणून गालावर आलेली बट तिनं मनगटानं मागे सारली, तर मातीचा एक पट्टा तिथेच उमटला. डॉक्टरनं तो पाहिला… बराच वेळ पाहिला… आणि मग म्हणाला की पडद्याची दोरी लोंबते आहे, मांजर अडकेल. नापास.

तिला राग यायला हवा होता. आला नाही. उलट तो गेल्यावर ती खिडकीशी उभी राहून गल्लीच्या टोकापर्यंत त्याची पाठ पाहत राहिली. मावशीनं शिवण खाली न ठेवताच विचारलं, दोरी लांब आहे की भेट आखूड पडली?

खरं सांगायचं तर ती पुरती प्रेमात पडली होती. सोमवार कधी येतो याची ती बुधवारपासून वाट बघायची. आणि एकदा का घर पास झालं की मुकादम घरी येणार, पण डॉक्टर काही घरी यायचा नाही, हा विचार तिच्या मनात शिरला आणि काही केल्या निघेना. म्हणून तिनं काय करावं? तिसऱ्या तपासणीच्या सकाळी शेजाऱ्यांना देऊन टाकलेली कोरफड ती मागून घेऊन आली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत, अगदी डोळ्यांत भरेल अशी ठेवली. कोरफड मांजराला बाधते, हे आता तिला झोपेतही सांगता आलं असतं. डॉक्टरनं कोरफड पाहिली, तिच्याकडे पाहिलं. मग खिडकीच्या जाळीची फट दोन बोटांनी मोजली, तिलाही मोजायला लावली. त्या एवढ्याशा फटीत चार बोटं जरा जास्तच वेळ राहिली. नापास.

पुढच्या सोमवारी ती दवाखान्यात गेली तर मोठ्या डॉक्टरबाई गल्ल्यावर होत्या. त्यांनी सहज सांगितलं की शनिवारी एक वयस्कर जोडपं मुकादमाला न्यायला येतंय. माणसं चांगली, घरात झाड म्हणून एकही नाही. “तुमचं घर तीनदा नापास झालं हो. किती दिवस थांबायचं आम्ही?”

मुकादम नेहमीसारखा तिच्या पायांना अंग घासत होता. आपण एक भेट वाढवायला गेलो आणि हा जीव गमावून बसलो, असं वाटून तिला तिथेच रडू कोसळलं असतं. तिनं झारी तशीच खाली ठेवली, मागच्या खोलीत गेली आणि डॉक्टरसमोर उभी राहिली.

“कोरफड मी मुद्दाम ठेवली होती.”

तो हात धूत होता. नळ चालूच राहिला.

“तुम्ही पुन्हा यावं म्हणून,” ती म्हणाली. “बाकी काही कारण नव्हतं.”

त्यानं नळ बंद केला. ओले हात एप्रनला पुसले, पुन्हा पुसले. “फॉर्मवर पडद्याच्या दोरीचा रकानाच नाही,” तो हळूच म्हणाला. “आणि त्या फटीतून मांजराचं पिल्लूसुद्धा बाहेर जाणार नाही. मी… मला वाटलं, अजून एकदा येता येईल.”

हसावं की रडावं? दोन शहाणी माणसं, आणि भुर्दंड मात्र त्या बोक्याला. शेवटी डॉक्टरच म्हणाला, बाईंना खरं सांगू या, मग काय व्हायचं ते होऊ दे. दोघं मिळून बाईंसमोर गेली, मान खाली घालून. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. डॉक्टरची अशी काही हजेरी घेतली, की बाहेर बसलेली कुत्रीसुद्धा गप्प झाली. मग म्हणाल्या, शनिवारी सकाळी मी स्वतः घर बघेन. एक पान जरी खटकलं, तरी मुकादम त्या जोडप्याकडे जाईल.

एक पान! आणि मनीप्लांटची तर रोज दोन पिकली पानं खाली पडायची. तिला मावशीशी बोलायचा धीर होईना. पण शुक्रवारी संध्याकाळी मावशीच स्टुलावर चढून उभी राहिली आणि म्हणाली, उतरवा हे. मुलगी म्हटली तर कधीतरी सासरी जाणारच की. जाईल ते डॉक्टरच्या खोलीवर, तिथे मांजर नाही. आवाज घट्ट होता, डोळे मात्र पाणावले होते.

वेल तोडायचा नव्हता. खिळ्याखिळ्यावरून सोडवायचा होता, आणि ते एकट्याचं काम नव्हे, म्हणून तिनं डॉक्टरला बोलावून घेतलं. डॉक्टर वर चढून एकेक फांदी मोकळी करू लागला, ती खाली उभी राहून हातांवर झेलू लागली. आधी मनगटं भरली, मग कोपरं, मग खांदे. शेवटचा फेरा सोडवून तो खाली उतरला तेव्हा अर्धा वेल तिच्या अंगावर होता, अर्धा त्याच्या. जरा हललं तरी पान तुटेल, म्हणून दोघंही जिथल्या तिथे उभी होती. इतक्या जवळून तिनं त्याला कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या भुवईत एक वाळकं पान अडकलं होतं. ते काढायला तिचा हातच मोकळा नव्हता.

“उद्या नापास झालात,” तो म्हणाला, “तरी मी येईन.”

“आणि पास झाले तर?”

तो काहीतरी बोलणार, तेवढ्यात मावशी टोपली घेऊन आत आली आणि म्हणाली, हलू नका, मी पाच मिनिटांनी येते. चांगली पंधरा मिनिटं ती आलीच नाही.

शनिवारी बाई दहाच्या ठोक्याला हजर झाल्या. बरोबर टोपलीत मुकादम. त्यांनी कुंड्यांतले गोटे हलवून पाहिले, पलंगाखाली वाकून पाहिलं, कपाटामागे टॉर्च मारला. डॉक्टर दाराशी उभा होता, मावशी नुसतीच बाही ओढत होती आणि ती बाईंच्या मागे मागे फिरत होती. शेवटी बाई खुर्चीवर बसल्या, फॉर्म मांडीवर घेतला आणि एकेका रकान्यावर खूण करत खाली आल्या. ते जोडपं काय म्हणेल, असं मावशीनं भीत भीत विचारलं. बाई म्हणाल्या, त्यांना आमची म्हातारी पांढरी मांजर दाखवली, तीच जास्त आवडली त्यांना. पण हे आधी सांगितलं असतं तर तुम्ही घर एवढं साफ केलं नसतं.

मग एक रकाना उरला.

“घरात माणसं किती?”

“दोन,” ती म्हणाली. बाईंनी दोन लिहिलं.

“तीन लिहा,” डॉक्टर दारातून म्हणाला.

तो कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता, पण मागे हटला नाही. तिच्याकडेच पाहत होता. “म्हणजे… यांची हरकत नसेल तर. आज लगेच नाही. पण तीनच लिहा.”

बाईंनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं. मावशीनंही पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ हसत होते, दोन्ही एकाच वेळी. “तीन,” ती म्हणाली.

बाईंनी दोनवर काट मारली, शेजारी तीन लिहिलं आणि फॉर्म टेबलावर सरकवला.

“खाडाखोड झाली की शेजारी सही लागते,” त्या म्हणाल्या. “दोघांचीही.”