वास नसलेलं पाणी

निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी प्रयोगशाळेतल्या एका कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली होती. ‘राहिली होती’ हे मी सवयीनं म्हणतो. खरं म्हणजे ती मी ठेवून घेतली होती.

मागच्या शनिवारी तिथल्या भांडारपालाचा फोन आला. प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलतेय, सोमवारी कपाटं उचलायची आहेत, एक उघडत नाही. किल्ली सापडली तर बरं, नाहीतर कुलूप तोडू.

“तोडू नका,” मी जरा घाईनंच म्हणालो. “मी येतो.”

इस्त्रीचा शर्ट घालताना बायकोनं पाहिलं. “अहो, किल्ली परत करायला निघालात की खुर्ची परत मागायला?”

मी हसलो. हसल्यासारखं केलं.

आमची प्रयोगशाळा पाणी तपासण्याची. कोणाच्या पाण्यात क्लोरीन किती, हे सांगण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. त्याच विषयात डॉक्टरेट. त्यामुळे साथ आली तेव्हा सगळी इमारत निर्जंतुक ठेवण्याची जबाबदारी माझ्यावर पडली, आणि मला ती आवडली, हेही कबूल केलं पाहिजे. मी तक्ते काढले. दारांच्या मुठी दिवसातून चारदा, टेबलं दोनदा, क्लोरीनचं औषध फवारल्यावर दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, मगच पुसायचं. माझ्या तक्त्यांच्या प्रती दुसऱ्या कचेऱ्यांनीही मागवून घेतल्या.

ते तक्ते अक्षरशः पाळणारी व्यक्ती एकच. साफसफाई करणारी मावशी. ती माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, पण सगळे मावशी म्हणत म्हणून मीही म्हणायचो. ती टेबलावर फुस्... फुस्... करत औषध मारायची आणि मग पत्र्याच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून दहा मिनिटं बसायची. पोरं म्हणत, “मावशींची समाधी लागली.” ती म्हणायची, “लागू दे रे, तुमची लागण्यापेक्षा बरी.”

औषधाची पिंपं मी उन्हाळ्याच्या तोंडावर एकदम मागवली होती. भांडारात जागा नव्हती. मी ती मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवायला लावली. भांडारपाल म्हणाला होता, “साहेब, तिथं ऊन फार तापतं.” मी त्याला विचारलं होतं, “डॉक्टरेट तुमची की माझी?”

हे औषध उन्हानं मरतं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. मी तेव्हा विसरलो होतो की विसरायचं ठरवलं होतं, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही.

तीन महिन्यांनी एका दुपारी मावशी माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात काळ्या सुती कापडाची चिंधी, टपटप गळणारी.

“साहेब, या पाण्याला वास नाही.”

“वासावर काही नसतं, मावशी.”

“नव्हे, हे बघा ना. आधी एक थेंब उडाला तरी कपड्याला पांढरा डाग पडायचा. ही चिंधी मी सकाळपासून त्यात बुडवून ठेवलीय. काळी ती काळीच. तुम्हीच घ्या बरं वास.”

खोलीत आणखी चौघं होते. त्यातल्या एकाचा मेहुणा आमच्याच कचेरीत होता आणि दोन दिवसांपूर्वी तापानं आडवा झाला होता. चौघांनीही माझ्याकडे पाहिलं. दोन थेंब टाकून रंग पाहायचा, एवढीच चाचणी होती. दोन मिनिटं लागली असती. चाचणीच्या द्रावाची बाटली माझ्या मागच्या फळीवर होती.

मी मुखपट्टी काढली नाही. वास घेतला नाही. म्हणालो, “मावशी, तुम्हाला वास येत नाही का? कधीपासून?”

वास जाणं हे त्या साथीचं पहिलं लक्षण होतं. चौघंही खुर्च्यांसकट मागे सरकले. खुर्च्यांचा तो करकर आवाज... असो.

तिनं काही बोलायचा प्रयत्न केला. पण अर्ध्या तासात गाडी आली आणि तिला साथीच्या रुग्णालयात नेलं. चाचणीचा निकाल यायला तेव्हा पाच-पाच दिवस लागत. तोवर तिला आजाऱ्यांच्याच मोठ्या खोलीत ठेवलं होतं. अकराव्या दिवशी ती गेली.

जाताना चिंधी तिनं माझ्या टेबलावर ठेवली होती. मी ती खालच्या भांडारातल्या कपाटात टाकली आणि कुलूप लावलं. शेडमधली पिंपं एका सुट्टीच्या दिवशी स्वतः गटारात ओतली. पिंपामागून पिंप. कशालाच वास नव्हता.

तर शनिवारी मी तिथं पोहोचलो. दुपारचे तीन वाजले असतील. इमारत अर्धी रिकामी झाली होती, भिंतींवर तसबिरींचे चौकोन उरले होते. दार उघडायला आली ती मावशीची लेक. आईच्या जागी तिला घेतलं होतं, हे मला माहीत होतं. ती इतकी आईसारखी दिसत असेल हे माहीत नव्हतं.

“या सर. भांडारपाल जेवायला गेलेत. तुम्ही उघडा तोवर, मी वरचं आवरते.”

भांडार तळघरात आहे. वीज तोडून ठेवली होती. वरच्या झरोक्यातून थोडा उजेड येत होता, तोही धुळीनं मळलेला. मी कपाटापाशी गेलो. किल्ली फिरली, सहज, जणू कालच तेल घातलं होतं.

खालच्या खणात चिंधी होती. काळीच. आणि ओली.

गळत होती ती. खणाच्या कडेवरून थेंब पडत होता, टप्... टप्... मी खाली पाहिलं. फरशीवर छोटं तळं झालं होतं. सहा वर्षं बंद कपाट. मी मनाशी कारणं मांडू लागलो. वरून पाइप जात असेल, भिंतीला ओल असेल. आयुष्यभर कारणं मांडण्याचाच धंदा केला. पण खणाची बाकीची लाकडी फळी कोरडी ठणठणीत होती.

मग मी ते केलं, जे सहा वर्षांपूर्वी करायला हवं होतं. चिंधी उचलून नाकाशी धरली.

वास नव्हता.

मी पुन्हा हुंगली. पाणी मेलेलं आहे, की माझं नाक? सांगणार कोण? विचारायचं कोणाला?

मागे आवाज झाला. फुस्... फुस्... अगदी ठरलेल्या अंतरानं. मग स्टूल ओढल्याचा आवाज. मग कोणीतरी बसलं. मी वळलो नाही. मान वळलीच नाही. पाठीमागे कोणीतरी स्वस्थ बसून वाट पाहत होतं, आणि दहा मिनिटं किती लांब असतात ते मला त्या दिवशी कळलं.

“येतोय का वास... साहेब?”

आवाज हळू होता. त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“नाही,” मी म्हणालो. “नाही येत... मावशी.”

“कोणाशी बोलताय सर?”

जिन्यात लेक उभी होती. स्टूल भिंतीशी होतं, त्यावर कोणी नव्हतं. माझ्या हातातली चिंधी कोरडी होती, वाळून कडक झालेली.

ती खाली आली. चिंधीकडे पाहिलं, पण ओळखली नसावी. थोडा वेळ घुटमळली.

“सर, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“त्या दिवशी आईला खरंच वास येत नव्हता? नाही म्हणजे... त्याच सकाळी मी शेगडीवर दूध ठेवून विसरले होते. आई आतल्या खोलीत होती. तिथूनच ओरडली, ‘अगं बये, दूध करपलं!’ मला शेजारी उभं राहून कळलं नव्हतं.” ती खाली बघत होती. “सहा वर्षं तेच डोक्यात आहे. मला वाटतं, माझंच काही चुकतंय. तुम्ही तिथं होतात म्हणून विचारलं.”

माझ्यासमोर दार उघडं होतं. एका वाक्याचं काम होतं.

“हा आजार चोरपावलांनी येतो,” मी म्हणालो. “सकाळी वास असतो, दुपारी जातो.”

“असं असतं होय,” ती म्हणाली. “मग बरोबर. तुम्ही शिकलेली माणसं.” आणि माझ्याकडून किल्ली घेतली.

घरी आलो. त्या संध्याकाळी बायको स्वयंपाकघरात धावत आली. “अहो! दूध करपून कोळसा झालं, आणि तुम्ही शेजारी उभे!” मला काहीच कळलं नव्हतं. डॉक्टरांनी नाक तपासलं. म्हणाले, नाकात काही दोष नाही.

रविवारी मी पत्र लिहायला बसलो. तोंडानं जमलं नाही ते शाईनं तरी जमेल म्हणून. पिंपं, शेड, चिंधी, खुर्च्यांचा आवाज, सगळं लिहिलं. ‘तुझ्या आईचं नाक ठीक होतं’ हे वाक्य दोनदा लिहिलं. चार पानं झाली. पुन्हा वाचली, पाकिटात घातली, स्वतः जाऊन पेटीत टाकली.

काल दुपारी तिचा फोन आला.

“सर, तुमचं पाकीट मिळालं. पण आत चारही कागद कोरेच आहेत. चुकून घातलेत का?”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“आणि सर...” तिचा आवाज एकदम लहान मुलीसारखा झाला. “कागदांना औषधाचा वास येतोय. आई कामावरून आली की तिच्या हातांना यायचा ना, तसा. अगदी ताजा... काय लिहिलं होतं तुम्ही?”

मी तोंड उघडलं. इकडे माझ्या खोलीत, खुर्चीच्या मागे, कोणीतरी स्टूल ओढून बसलं.