खारवडीचा फुटलेला बांध

खारवडी बेटाचा बांध फुटल्याची खबर आली, तशी तलाठी सुरुची नायगावहून पहिल्या होडीनं निघाली. बेट भातावर आणि मिठावर जगायचं. आता सगळी खाचरं खाडीच्या पाण्याखाली होती. दोन वर्षं तरी तिथे दाणा पिकणार नव्हता.

"रातच्या उधाणानं फोडला," मिठागरवाला जितेंद्र म्हणाला. "माझ्या मिठाच्या तीन राशी विरघळल्या. आता रिसॉर्टवाल्याला जमीन देऊन मोकळं होऊ. उद्या सह्या घ्यायला मानूस येतोय."

सुरुची पंचनामा लिहायला बसली.

"थांबा, ताई," जिजाबाय म्हणाली. तिची हयात या बांधावर माती टाकण्यात गेली होती. तिचंही खाचर बुडालं होतं. कालच्या अष्टमीच्या उपासानं ती थकली होती, पण आवाज खणखणीत होता.

ती राशींच्या जागी गेली. तिथे गुडघाभर पाणी होतं. शेजारच्या उंच लाकडी माचीवर पेंढ्याच्या जुड्या रचलेल्या होत्या, सुक्या, सुंभानं आवळलेल्या.

"जितू, राशी झाकलेल्या होत्या?"

"होत्या की."

"कशानं?"

"याच पेंढ्यानं."

"काल सांजेलाही?"

"हो. पहाटे बघतो तर सगळं पान्यात."

जिजाबाय सुरुचीकडे वळली.

"ताई, उधाण अवसेला नि पुनवेला येतं. अष्टमीला भांगाची भरती. ते पानी बांधाच्या कमरेलाही लागत नाय. म्हंजे बांध फुटला नाय, कुदळीनं फोडलाय. आता कोनी? पान्यानं मीठ नेलं असतं, तर वरचा पेंढाही नेला असता. हा पेंढा कोनीतरी उतरवून, जुड्या बांधून ठेवलाय. मीठ आधीच हलवलं. पानी येनार, हे एकालाच ठाऊक होतं."

जितेंद्रनं मान खाली घातली. तो म्हणाला, "जमीन चांगली असती तर तुम्ही कोनी सही केली नसती, काकी."

"आताही करनार नाय."

सुरुचीनं पंचनामा लिहिला आणि जितेंद्रला होडीत बसवून चौकीवर नेलं.

दुसऱ्या दिवशी रिसॉर्टचा कागदवाला आला. अख्खं बेट भगदाडापाशी रांगेत उभं होतं, हातोहात मातीच्या पाट्या पुढे जात होत्या. त्यानं जिजाबायपुढे पेन धरलं.

"हात रिकामे नाय," ती म्हणाली. "थांबायचं असंल तर पाटी उचला."

तो आल्या होडीनं परत गेला. कोणी वळूनही बघितलं नाही. भरतीच्या आत भगदाड बुजवायचं होतं.